खाडीची साफसफाई

"गाळ हा गवताचा वैरी आहे, आणि आज या खाडीत त्याचा निकाल लागणार आहे," हरिहर मास्तरांनी छत्री उंचावून जाहीर केलं. पुढच्याच पावलाला ते काठावरच गुडघ्यापर्यंत त्या वैऱ्याच्या पोटात गेले.

त्र्यंबकनं त्यांना उपसून काढलं. हा त्यांचा जुना विद्यार्थी. वनस्पतिशास्त्र जमेना म्हणून इंजिनियर झालेला. स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली तरी ठाण्याच्या धक्क्याशी उपसलेला गाळ टाकायचा कुठं, हे ठरलं नव्हतं. खाडीच्या तळाशी वाढणाऱ्या या गवतावर, की मिठागरापलीकडच्या पडीकात, हे आज ओहोटी असेतो त्र्यंबकनं लिहून द्यायचं होतं. निवृत्तीनंतरची दोन वर्षं मास्तरांनी याच गवताच्या काड्या मोजण्यात घालवली होती. हौसाबाई कोळणीचं तर पोटच त्यावर होतं. कोळंबीची पिल्लं त्या गवतात वाढत आणि मोठी झाली की तिच्या टोपलीत येत. आज तीही टोपली घेऊन सोबत आली होती.

आता साहेब झालेला त्र्यंबक यायचा म्हणून मास्तरांनी आठवडाभर खपून तयारी केली होती. पाहुणा येणार म्हटलं की घरी त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई अंगण झाडायच्या. इथं मास्तरांनी झाडलं. रोज ओहोटीला खराटा घेऊन यायचं आणि गवताच्या बुडाशी बसलेला चिखल काढायचा. अगदी खालची वाळू चकचकेपर्यंत.

"गवत कुठाय, सर?"

वाळू चकचकत होती. गवताची काडी नव्हती. मास्तरांनी वही चाळली. वहीत भरपूर होतं.

"गाळानं मारलं रे," ते म्हणाले.

"पण गाळ तरी कुठाय?"

त्र्यंबकनं पेन काढलं. "गवतच नाही, तर मग इथंच टाकू."

"साहेब, जरा हिकडं या," हौसाबाई म्हणाली.

वीस पावलांवर एक तुकडा होता. झाडायचा राहून गेलेला, दिसायला घाणेरडा, म्हणून मास्तरांनी तो पाहुण्याला दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. तिथं गवत दाट, हिरवंगार होतं. हौसाबाईनं बोट खुपसलं. दोन पेरं चिखल, आणि त्याला मुळ्यांनी घट्ट धरलेलं.

त्र्यंबक खूश झाला. "म्हणजे गाळ लागतोच याला. मग दोन हात टाकला तर आणखी माजेल."

"भाजीला मीठ लागतं, म्हणून टोपात गोणी वततात काय साहेब? गाडून मरंल ते. नि पानी गढूळलं का उजेड कुठना मिळंल त्याला?"

त्र्यंबकनं थोडा विचार केला आणि लिहिलं: मिठागरापलीकडे.

मास्तरांना एकदम हुरूप आला. "बघितलंस त्र्यंबक? मी काय म्हणत होतो? आता हा तुकडा जपायला हवा. उद्यापासून मी जातीनं लक्ष घालतो."

हौसाबाईनं टोपली खाली ठेवली.

"घाला की, मास्तर," ती म्हणाली. "तेवढा खराटा माझ्याकडं ठेवून जा."