बापाचं माप

"दोरी छातीशी आली की थांब, सयाजी. आणखी ओढलीस तर कमठा जीव सोडंल." सयाजी लहान असतानाच बाप गेला, पण चाकणच्या रानात धनुष्य घेऊन राखणीला उभं राहिलं की तो आवाज अजून कानाशी यायचा.

धामणीच्या लाकडाचा आखूड कमठा तो अगदी बापाच्या मापानं घडवायचा. दोरी छातीशी थांबवली, की बाण रानडुकराच्या अलीकडंच पडायचा; चिडून कानापर्यंत ओढली, की कमठा काडकन मोडायचा. आज पुन्हा मोडला. डुकरांनी भुईमूग उकरून टाकला, आणि बांधावरनं भावकी हसली, "सयाजीराव, कमठा ठेवा अन् पिंपरीच्या नव्या कारखान्यात नाव घाला!"

"बापाच्या शब्दाबाहेर गेलो न्हाई, तरी माझंच रान उजाड!" म्हणत त्यानं तुकडे चुलीत कोंबले. छबूबाई, त्याची आई, चुलीजवळ सरकली. मग हळूच बोलली.



"लाकडाचं माप नव्हतं रं ते. तुझ्या बापाचा हातच कोपरात आखडलेला. कुणाला कळू नये म्हणून त्यो कमठाच आखूड करायचा. तू लांब कर, लेका."