पहिली पाळी

"मी झोपलोच नव्हतो," हेडसरांनी ठणकावून सांगितलं. डोक्याला वायरी तशाच चिकटलेल्या होत्या, केसांत पांढरा चिकटा लागला होता, पण आवाज वर्गातलाच. "नुसता डोळे मिटून पडलो होतो. तुमचा तो वरचा पंखा कुरकुरतोय, तो आधी दुरुस्त करून घ्या."

प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी "हो सर" म्हणाली आणि एकेक वायर सोडवू लागली. झोप न येणाऱ्या माणसांवर तिचा अभ्यास चालला होता. दुपारी जेवण झाल्यावर तिने हेडसरांना अंधाऱ्या खोलीत निजवलं आणि स्वतः काचेपलीकडे बसली. आता असा पेशंट कोण सोडेल? वर्षानुवर्षं आपला डोळ्याला डोळा लागत नाही, हे हेडसर ज्याला त्याला सांगत. जरा अभिमानानेच. तुमच्या घोरण्याला कंटाळून मांजर घर सोडून गेलं, असं बायको म्हणायची. पण बायकोचं कोण ऐकतं.

तीच बायको आज गुडघा धरून घरी बसली होती. या तपासणीला सोबत कुणीतरी लागतंच, म्हणून तिने नणंदेला परस्पर फोन करून टाकला. हेडसरांना कळलं तेव्हा धाकटी बहीण दारात गाडी घेऊन उभी होती. रस्ताभर दोघं अवाक्षर बोलली नाहीत. आई गेल्यापासून त्यांचं असंच होतं.

आईची शेवटी वाचा गेली होती. म्हणून तिच्या हाताशी एक छोटी पितळी घंटा ठेवलेली. काही हवं असलं की वाजवायची. भावाबहिणीने रात्र वाटून घेतली होती. पहिली पाळी हेडसरांची, पलंगाशेजारी खुर्चीत. दुसरी धाकटीची. त्या रात्री ते टक्क जागे होते. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्यांनी सगळी ऐकली होती. घंटा काही वाजली नाही. मग धाकटी समोर येऊन उभी राहिली, "दादा, जा आता, आडवा हो," म्हणाली आणि ते आतल्या खोलीत गेले. उजाडता उजाडता येऊन बघतात तो आई गेलेली, आणि धाकटी पलंगाच्या कडेला डोकं टेकून गाढ झोपलेली.

"घंटा वाजवून वाजवून गेली असेल बिचारी," जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर ते म्हणाले होते. "आणि हिला अर्धी रात्रसुद्धा जागवलं नाही."

धाकटीने मान खाली घातली. एका शब्दाने उलटून बोलली नाही. गप्प बसली म्हणजे कबूल, असं हेडसरांनी धरलं. शाळेतही ते असंच धरत. पुढे मुलाच्या लग्नात तिला त्यांनी परक्यासारखं मागच्या रांगेत बसू दिलं.

"सर, पडल्यापडल्या काही ऐकू आलं?" मुलीने विचारलं.

"पंखा. सांगितलं ना."

"आणखी काही? घंटा वगैरे?"

"कसली घंटा? कुठे वाजली घंटा?"

मुलीने समोरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक म्हातारा उताणा पडला होता. तोंड उघडं, आणि घोरणं असं की खोली दणाणून जावी. उशाशी फोन वाजला. म्हातारा हलला नाही. मग चाचणीसाठी मुद्दाम लावलेली घंटा वाजली. थांबली. पुन्हा वाजली, जरा जास्त वेळ. म्हाताऱ्याने नाक खाजवलं आणि कुशीवर वळून पुन्हा घोरायला लागला. मधूनमधून पंखा खरंच कुरकुरत होता.

"तुम्ही खोटं बोलत नाही हं, सर," मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "झोप चांगली लागते, पण मनाला वाटतं आपण जागेच आहोत. एखादा आवाज तेवढा आत पोचतो. पंखा म्हणा, घड्याळ म्हणा. मग माणसाला वाटतं, आपण सगळंच ऐकलं. असं पुष्कळांचं होतं. काळजीचं काही कारण नाही."

हेडसरांनी पडद्याकडे बघणं सोडून दिलं. कान तापले होते. डुलकी लागलेल्या पोरांना त्यांनी जन्मभर बाकावर उभं केलं होतं, आणि आता या पोरीसमोर नजर वर करायची त्यांना लाज वाटत होती. खरी लाज तर तिच्यासमोरची नव्हतीच. ती बाहेर बाकावर बसली होती.

धाकटी त्यांचा चष्मा आणि कोट मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना बघून उठली. काय झालं, काय निघालं, काही विचारलं नाही. हेडसर तिच्यासमोर उभे राहिले. सगळ्या शाळेला ऐकू जाणारा तो आवाज आज बाहेरच पडेना.

"त्या रात्री," ते कसेबसे म्हणाले, "माझ्या पाळीत घंटा वाजली होती का गं?"

धाकटीने चष्मा त्यांच्या हातात दिला.

"वाजली होती. पाणी हवं होतं आईला," ती म्हणाली. "तू घोरत होतास. दिवसभर शाळा करून आलेला, उठवायचं जिवावर आलं. म्हणून तुझी पाळीही मीच काढली, दादा. पहाटे मग मला नाही जागवलं."