चोवीस किलोचं बाळ

तीन वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर लाल पट्टी उमटली आणि लुस दारी खुर्चीत पुढे सरकली.

दोन आठवडे खपून तिने हे मशीन बसवलं होतं. औषधाची मात्रा काढणाऱ्या प्रोग्रॅममधली एक ओळ जरी कुणी बदलली, तरी ते अख्खा प्रोग्रॅम नव्याने बांधणार, सगळ्या चाचण्या चालवणार, आणि सगळ्या पास झाल्या तरच तो इस्पितळाकडे जाऊ देणार. आजवर कोलंबियातल्या मानिसालेस शहरातल्या त्या तीन खोल्यांच्या कंपनीत हे काम मालक दॉन ओविदियो स्वतःच्या कॉम्प्युटरवरून, स्वतःच्या हाताने करत. आज चार वाजता नवी आवृत्ती बालविभागाला जायची होती. दोनशे अकरा चाचण्या पास. एक नापास.

"कुठली?" दॉन ओविदियो कॉफीचा पेला घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"औषधाच्या मात्रेची. नुकत्याच जन्मलेल्या बाळांची."

ते हसले. "ते गणित मी लिहिलंय, पोरी. बारा वर्षं झाली. तेव्हा तू कॉलेजात पोरांना चिठ्ठ्या लिहीत असशील. तुझी चाचणीच चुकली असणार."

"तुमच्या कॉम्प्युटरवर चालवून बघा."

त्यांनी चालवली. हिरवी. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "बघ. माझ्याकडे चालतंय. बारा वर्षांत एक तक्रार नाही. ती एक चाचणी बंद कर आणि पाठवून दे."

लुस दारीने हात मांडीवर ठेवले. "नाही."

"नाही म्हणजे?"

"तुम्ही मालक आहात, पासवर्ड तुमच्याकडे आहे. बंद करायची तर तुम्ही करा. माझ्या हातून होणार नाही."

दॉन ओविदियोंचे कान तापले. त्यांनी पेला बाजूला ठेवला, तिचा कीबोर्ड ओढला आणि पासवर्ड टाइप करायला लागले. ती मात्र मशीनने नोंदवलेला तपशील वाचत होती.

"थांबा," ती म्हणाली. "वजन बघा. मी बाळाचं वजन दोन किलो चारशे ग्रॅम दिलंय. हे चोवीस किलो धरतंय."

"आवे मारिया! चोवीस किलोचं तान्हं बाळ!" समोरच्या टेबलावरचा फानोर खो खो हसला. प्रोग्रॅमचे पडदे रंगवायचं काम त्याचं. बाकी कुणी हसलं नाही.

"तुमच्या कॉम्प्युटरची भाषा स्पॅनिश आहे," लुस दारी हळूहळू बोलत होती, जणू स्वतःलाच समजावत होती. "आपण २,४ लिहितो, ते तो बरोबर वाचतो. हे मशीन मी कोरं ठेवलंय, कारखान्यातून आलं तसं. त्याची भाषा इंग्रजी. इंग्रजीत मध्ये टिंब लागतं, स्वल्पविराम नाही. आपला स्वल्पविराम ते सरळ गाळतंय. वजन दहापट, म्हणजे औषधही दहापट."

"मग त्याची भाषा बदल! इस्पितळातले कॉम्प्युटर स्पॅनिश आहेत. मी स्वतः बसवलेत."

"ते जुने," फानोर म्हणाला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "आज सकाळी नवे, कोरे आलेत, दॉन ओविदियो. मी गेलो होतो तेव्हा खोक्यांतून काढत होते. आपला प्रोग्रॅम इस्पितळाच्याच माणसाने चढवला."

दॉन ओविदियोंनी फोन उचलला. बालविभागाच्या मुख्य परिचारिका यानेथ यांचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"सिस्टर, मी ओविदियो. नव्या कॉम्प्युटरवरून सकाळपासून किती बाळांच्या औषधांच्या मात्रा काढल्यात?"

"का हो?"

"आधी सांगा."

"सहा."

मागे खुर्ची आहे की नाही, हे न बघताच ते खाली बसले. "सिस्टर, तो आकडा... पडद्यावरचा आकडा..."

"दहापट येतोय. हो. पहिल्याच बाळाला दिसलं. नवे कॉम्प्युटर आहेत, म्हटलं, रुळतील. संध्याकाळी कळवणारच होते तुम्हाला."

"आणि बाळं?"

"बाळांना काय झालंय? आम्ही नेहमीसारखं वहीत गणित करून औषध दिलं. सहाही मजेत आहेत."

लुस दारी पुन्हा पडद्याकडे वळली. दॉन ओविदियो मात्र तसेच बसून होते.

"नेहमीसारखं म्हणजे?"

पलीकडे एक बाळ रडायला लागलं. यानेथबाईंनी कुणाला तरी त्याला उचलायला सांगितलं, मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "प्रत्येक मात्रा आम्ही दोघीजणी वेगवेगळी काढतो. मग तुमच्या पडद्याशी ताडून बघतो. तुम्ही प्रोग्रॅम बसवलात त्या आठवड्यापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही इतकंच."

दॉन ओविदियोंनी कीबोर्ड लुस दारीकडे परत सरकवला.

"चार वाजता काही जाणार नाही," दॉन ओविदियो म्हणाले. "आणि सिस्टर, त्या वह्या आहेत अजून?"

"कपाटभर."

"पहिल्या वहीचा फोटो पाठवाल? पहिल्याच पानाचा."

पाच मिनिटांत फोटो आला. तीन रकाने. पहिले दोन रकाने वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, आकडे तेच. तिसऱ्या रकान्यावर लिहिलं होतं: दॉन ओविदियो. चौथ्या ओळीत त्या रकान्यातला आकडा पहिल्या दोघांशी जुळत नव्हता, तो पेनाने खोडला होता. तारीख बारा वर्षांपूर्वीची होती.

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा.