उजवा रकाना

चाळीस मिनिटं झाली होती आणि अक्षयाच्या कागदावर सेतूचा एकही शब्द पडला नव्हता.

ती सेतूच्या आजोबांच्या, व्यंकोबांच्या घरात, झोपाळ्यामागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. समोर सव्वातीन वर्षांचा सेतू फरशीवर बाटल्यांची झाकणं रांगेत मांडत होता. नियम सोपा होता. मानव विकास आणि कुटुंब अभ्यास या विषयाच्या एम.एस्सी.ला पहिल्याच महिन्यात तो पाठ करून घेतात. बघायचं, लिहायचं, मध्ये पडायचं नाही. अक्षयाने अशी अकरा मुलं पाहिली होती. तिचा अंदाज अजून एकदाही चुकला नव्हता.

सेतू बारावा. बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, पोरगं मुकं आहे, तंजावरच्या खास शाळेत घाला. कान तपासून झाले होते, ते ठीक होते. सेतूची आई शरण्या नर्स होती. पहाटेच्या बसने तंजावरला जायची आणि परतायची तेव्हा तो झोपलेला असायचा. बाप दुबईत. जूनच्या आत शाळेचं ठरवायचं होतं, म्हणून शरण्याने कॉलेजचं मत मागितलं. "घरी तमिळ नाही, मराठी बोलतात, तूच जा," म्हणत मॅडमनी अक्षयाला पाठवलं. कागदाच्या तळाशी एक चौकोन होता. खास शाळेची गरज : होय किंवा नाही.

आजोबांना मात्र कसलीच शंका नव्हती. त्यांनी तिला दाराबाहेरच्या ओट्यावरच गाठलं होतं.

"एम.एस्सी. म्हणजे लेकरांकडे बघत बसायचं? ते आम्ही न शिकताच करत होतो गं."

"आम्ही लिहूनही घेतो, आजोबा."

"मग लिही. पोर मुकं नाही. याची आजी गोदा गेली त्याला सात महिने झाले. तेव्हापासून दिवसभर हा माझ्याकडे. एकदाही रडला नाही. त्याने मागायच्या आत मी हातात देतो. तीस वर्षं तिरुप्पनंदाळच्या बसवर कंडक्टर होतो मी. चेहरा बघून सांगायचो, कोण कुठे उतरणार."

ते खरंच होतं. सेतूने फळीकडे पाहिलं, आजोबांनी पाण्याचा पेला दिला. सेतूने पाय पुढे केला, आजोबांनी चप्पल चढवली. सेतू झोपाळ्यापाशी उभा राहिला, आजोबांनी त्याला उचलून बसवलं, हवा तेवढाच झोका दिला आणि नेमका हवा तेव्हा उतरवला. केळं सोलून दिलं. साल टाकून आले. दर वेळी ते कोपऱ्याकडे एक नजर टाकायचे. बघितलंस ना?

अक्षयाने बघितलं होतं. विसाव्या मिनिटालाच तिने मनात 'होय'वर खूण केली होती.

आता वेळ जाईना म्हणून ती कागद नीट बघू लागली. त्यावर दोन रकाने होते. डावीकडे मुलाने उच्चारलेले शब्द. उजवीकडे मुलाशी कुणी बोललेले शब्द. मरुदानल्लूरच्या एका घरी उजवा रकाना पहिल्या दहा मिनिटांतच भरला होता. माती खाऊ नको, इकडे ये माकडा, कुणी मारलं माझ्या राजाला. तिला कागदाच्या मागच्या बाजूला लिहावं लागलं होतं. इथे उजवा रकाना पांढरा होता. डाव्यासारखाच.

अक्षया उठली. नियम मोडतोय हे तिला माहीत होतं, तरी तिने कागद आजोबांपुढे धरला.

"आजोबा, हे बघा."

"चष्मा आत आहे."

"वाचायला काही नाहीच. इकडे सेतू काय बोलला ते लिहायचं. इकडे तुम्ही त्याच्याशी काय बोललात ते."

व्यंकोबांनी कागद हातात घेतला. दोन्ही रिकाम्या रकान्यांवरून बोट फिरवलं.

"मी काय बोलणार?" ते म्हणाले. "घरात बोलायची ती गोदा. मी बसमध्ये ओरडून यायचो आणि इथे ऐकायचो."

"आता तो काही मागायला येईल. देऊ नका. तोंडाने मागेपर्यंत थांबा."

"आणि नाही मागितलं तर?"

"तर मी 'होय' लिहीन, आणि जूनपासून तो तंजावरला जाईल."

पाचच मिनिटांत सेतू रिकामा पेला घेऊन आला. त्याने तो आजोबांपुढे धरला. व्यंकोबांचा हात पुढे झाला. त्यांनी तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधले. सेतूने त्यांचं धोतर ओढलं. पेला त्यांच्या पावलावर ठेवला. वर पाहिलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला होता.

"देऊ का गं? लहान आहे तो," ते पुटपुटले.

"थांबा."

सेतू रडला नाही. त्याने पेला उचलला आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत गेला. तिथे तो वळला. एक हात चौकटीला लावला, दुसरा कमरेवर ठेवला आणि मान जराशी तिरकी केली. असं उभं राहायला त्याला बालवाडीत कुणी शिकवलं नव्हतं, शरण्याही अशी उभी राहत नव्हती.

"अहो," सेतू म्हणाला, "ऐकलंत का? पाणी."

आणि व्यंकोबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आलो गं."