टेपच्या ओळखीचा फोन

मास्तरांनी गाडीच्या टेपचे तीन स्क्रू काढले होते आणि चौथ्यावर पेचकस टेकवला होता, तेवढ्यात गिऱ्हाईक फाटक लोटून आत आले.

"गाडी विकायची ना? मग टेप कशाला उपटताय?"

"गाडी विकायची आहे. टेप नाही."

मास्तरांनी एकतीस वर्षे लोकांना गाडी चालवायला शिकवले होते. ही त्यांची शेवटची गाडी. शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा ब्रेक असलेली. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे आता तिला निरोप देणे क्रमप्राप्त होते.

गिऱ्हाईक पस्तिशीचे, मितभाषी. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"रंग गेलाय, मास्तर."

"माझाही गेलाय. इंजिन बघा."

गृहस्थ हसले. पलीकडचे दार वर उचलून ओढल्याशिवाय उघडत नसे. त्यांनी ते उचलून ओढले आणि मास्तरांच्या शेजारी येऊन बसले.

"बायको शिकवणी घेते. तिला हा दुसरा ब्रेक हवाच आहे. पण गाडी टेपसकट आण म्हणालीय."

"या टेपला एकाच फोनची ओळख राहते," मास्तर म्हणाले. "दुसरा जोडायचा तर पहिला पुसावा लागतो. तुम्ही पुसणारच. त्यात माझ्या लेकीचा फोन आहे."

"मग तिला वाजवायला सांगा की."

मास्तरांनी पेचकस पुन्हा चौथ्या स्क्रूवर टेकवला.

ते दिवस निराळे होते. ब्लूटूथचा पल्ला जेमतेम फाटकापर्यंत. कॉलेजातून परतलेली लेक, ठकू, फाटकाशी पोचली, की टेपमधली बाई "कनेक्टेड" म्हणे, आणि मास्तर मान न वळवता म्हणत, "आल्या बाईसाहेब." मग तिची गाणी लागत, आणि गिअर टाकताना ती गाणी गुणगुणते म्हणून मास्तर तिला रागे भरत. पुढे तिने आपल्या मनाने लग्न ठरवले. मास्तरांनी साफ नकार दिला. "बाबा, तुमचा पाय सदा माझ्या ब्रेकवर," एवढेच बोलून ती फाटकाबाहेर पडली. मास्तर लग्नाला गेले नाहीत. तिची पत्रे त्यांनी न फोडता परत धाडली. मग पत्रे यायची थांबली. या गोष्टीला आठ वर्षे लोटली.

तेव्हापासून रोज सकाळी किल्ली फिरवली की टेपच्या पडद्यावर निळे वर्तुळ फिरू लागे, जरा वेळ शोधी आणि विझून जाई.

"येडेपणा आहे," मास्तर म्हणाले. "आठ वर्षं फोन कोण ठेवतं? केव्हाच भंगारात गेला असेल."

"काही माणसं बॅटऱ्या बदलत राहतात," गिऱ्हाईक म्हणाले.

"तुमच्या मंडळींना माझा एक निरोप द्या. शिकवताना पाय ब्रेकच्या शेजारी ठेवावा, ब्रेकवर नाही. मी जगाला हे शिकवलं आणि घरात विसरलो."

गिऱ्हाईकांनी फाटकाकडे पाहिले. मग म्हणाले, "माझ्याच्याने इतकं नीट सांगणं व्हायचं नाही. तुम्हीच सांगा."

"मी कुठं भेटणार त्यांना?"

"ते बघू. एकदा टेप चालू करून दाखवा, मग खुशाल काढा. मी तोवर फाटक उघडतो. चक्कर मारून पाहू."

ते उतरून गेले. मास्तरांनी किल्ली फिरवली. निळे वर्तुळ उमटले आणि नेहमीसारखे फिरू लागले. ते विझेल तेव्हा चौथा स्क्रू काढायचा, म्हणून मास्तर पेचकस धरून बसले. समोर फाटकाच्या दोन्ही फळ्या उघडल्या, आणि गिऱ्हाईक वाट देण्यासाठी बाजूला सरकले.

वर्तुळ फिरायचे थांबले.

"कनेक्टेड," टेपमधली बाई म्हणाली.