काळा पडलेला पेला

चांदीचा पेला पुन्हा काळा पडला होता. लेकीने तो ओढणीने घासला, उजेडाकडे धरला आणि गुपचूप पिशवीत टाकला. रोज झोपताना अप्पांना त्यातून पाणी द्यायची त्यांची दुसरी बायको. लेकीच्या संशयाला एवढं पुरे होतं.

बांधकामाच्या मालाचं अप्पांचं दुकान आता लेकच चालवायची. फुकट काही मिळत नसतं, यावर तिची श्रद्धा होती. पन्नाशीची बाई सत्तरीच्या म्हाताऱ्याशी लग्न करते, ती काय त्याच्या खोकल्यावर भाळून? आणि तेव्हा तर खोकलाही नव्हता.

खोकला लग्नानंतरचा. नव्या संसारासाठी अप्पांची खोली नव्याने झाली, भिंतींना जिप्समचे बोर्ड लागले. माल अर्थातच लेकीच्या दुकानातून गेला. "पोरीने मन मोठं केलं," असं अप्पा चारचौघांत सांगत. आणि बघता बघता माणूस खंगायला लागला. डोकं ठणकायचं, डोळे चुरचुरायचे, जिना चढताना धाप लागायची.

"मावशी, तुम्ही हॉलमध्ये झोपता म्हणे?" लेकीने सावत्र आईला सहजच विचारल्यासारखं केलं.

"त्यांचं घोरणं ऐकलंयस ना?"

"ऐकलंय की. आईने जन्मभर ऐकलं. त्याच खोलीत."

मावशी हसल्या नाहीत. "त्यांना थोडे दिवस तुझ्याकडे ने. आणि परत आणायची घाई करू नकोस."

म्हणजे बाईला घर मोकळं हवंय. लेकीने मनात नोंद केली आणि अप्पांना नेलं. आठवडाभरात अप्पा न थांबता जिना चढले आणि पत्त्यांत लबाडी करून त्यांनी जावयाला हरवलं.

"तिकडच्या पाण्यात काय असतं हो, अप्पा?"

"तुझ्या जिभेवर आहे तेवढं विष तरी नसतं."

लेक पेला घेऊन प्रयोगशाळेत गेली.

"पाण्याचा दोष नाही," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "हा काळेपणा हवेतून आलाय. गंधकाचा वायू. हा पेला ज्या खोलीत असतो तिथे कुणी झोपत असेल, तर आधी त्याला बाहेर काढा."

लेकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाण्यात नाही, खोलीत. अप्पांची बायको वाटली त्याहून पोचलेली निघाली.

ती तडक अप्पांच्या घरी आली. खोलीचं दार लोटलेलं, आत ठोकाठोक चाललेली. तिने दार ढकललं. सुतार भिंतीचे बोर्ड उखडत होता आणि मावशी तोंडाला फडकं बांधून एकेक बोर्ड हातोडीने फोडत होत्या. उघड्या पडलेल्या तांब्याच्या तारा कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या.

"पुरावा नाहीसा करताय?"

"हो," मावशी म्हणाल्या. "विष या बोर्डांत आहे. वायरमनने कालच तारा दाखवल्या."

"आमच्या मालात खोट नसते. एक बोर्ड अख्खा ठेवा, अप्पांनाच दाखवते."

मावशींनी हातातला तुकडा उलटा करून तिच्यापुढे धरला. "त्यांना दिसू नये म्हणूनच तर फोडतेय. प्रत्येकाच्या पाठीवर खडूने लिहिलंय, 'वास येतो, गिऱ्हाइकाने परत केला.' आणि तुझं अक्षर ते लांबूनही ओळखतात."