पुकारा
अक्काबाईला कोर्टानं काळूपासून फारकत दिली, पण निकालाची नक्कल पाहिल्याशिवाय गावचा पाटील मानेना. नक्कल मागायला ती निफाडहून नाशिकला आली, तर तिला परत ओढून न्यायला काळूही मागोमाग येऊन कोर्टाबाहेर लिंबाखाली बसला.

"नवऱ्याचं नाव?" कारकुनानं विचारलं.

अक्काबाईनं तोंडाला पदर लावला. नवऱ्यानं लाथा घातल्या तरी बायकोनं त्याचं नाव तोंडातून काढायचं नसतं.

"उखाण्यात घे!" शिकल्यासवरल्या कारकुनांनी दात काढले.

"भाऊसाहेब, निकाल लागला, म्हंजे तो माझा नवरा नाय ना आता?"

"नाही."

अक्काबाई व्हरांड्यात गेली अन् कोर्टाच्या शिपायासारखी खच्चून ओरडली, "काळू पुंजा गांगुर्डे, हाजिर होऽऽ!"

लिंबाखाली काळू विडी टाकून, हात जोडून उभा राहिला.